चोर्ला घाटात पावसाळ्यासाठी विंटर टायर चालतील का?

साखळीकर: साखळी–बेळगाव, आठवड्याला दोन फेऱ्या. फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, टायर १८५/६५ आर १५. नक्षीची खोली पुढे २.५ मिमी, मागे ४. पावसात वळणावर गाडी सरकते. ऑनलाइन विंटर टायर दिसले, घ्यावेत का? आणि दोनच घेतले तर पुढे लावू की मागे?

रबरपारखी: विंटर नकोच. ते रबर साधारण ७ अंशांखाली मऊ राहावं म्हणून बनवतात. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेही पारा तिथवर उतरत नाही. एप्रिलच्या डांबरावर ते भराभर झिजतं आणि ब्रेक लावल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते. साधेच टायर घ्या, फक्त परिघाभर सलग फिरणाऱ्या रुंद खाचा बघून घ्या. चाकाखालचं पाणी त्यांतूनच बाहेर पडतं. कायद्याची मर्यादा १.६ मिमी असली तरी पावसात ३ मिमीखाली गेलेला टायर संपला समजायचा. म्हणजे तुमचे पुढचे गेलेच.

घाटवळण: नवे मागे, मागचे ४ मिमीवाले पुढे. टायरवाले बहुतेकदा उलटं सुचवतात, ऐकू नका. पुढची चाकं सरकली तर स्टीअरिंग हलकं लागतं, पाय उचलला की गाडी सावरते. केरीकडे उतरताना मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, सावरायला वेळच मिळत नाही. नव्या टायरवर साच्यातला बुळबुळीत थर असतो, म्हणून पहिले २००–३०० किमी सबुरीनं. आणि नक्षी आत, मध्ये, बाहेर अशी तीन जागी मोजा. फक्त आतली कड खाल्ली असेल तर आधी अलाइनमेंट, नाहीतर नवेही तसेच जातील.

साखळीकर: झीज सारखीच आहे. पण मागच्या डाव्या चाकाची हवा चार दिवसांत ३३ वरून २७ वर येते. पंक्चर सापडत नाही. पावसात हवा कमीच बरी म्हणतात ना?

रबरपारखी: चुकीचं आहे ते. हवा कमी झाली की टायरचा मधला भाग आत दबतो, पाणी कापलं जात नाही आणि गाडी कमी वेगातच पाण्यावर तरंगते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असेल तेवढीच भरा, टायर गार असताना.

घाटवळण: रिम लोखंडी आहे का? खाऱ्या हवेनं रिमची कड गंजते आणि टायर जिथे टेकतो तिथून हवा झिरपते. कडेभर साबणाचं पाणी ओता, बारीक बुडबुड्यांची माळ दिसेल. टायर उतरवून कड तारेच्या ब्रशनं घासा, बीड सीलर (टायरची कड रिमला हवाबंद बसवणारा लेप) लावा. टायरवरचा चार आकडी कोडही सांगा.

साखळीकर: रिम लोखंडीच. चारही टायरांवर २३१९.

घाटवळण: म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनवलेले. मग ते पुढे-मागे करणं विसरा. इतक्या वर्षांत रबर कडक होतं, ४ मिमी नक्षी असली तरी ओल्यात पकड राहत नाही. चारही बदला, आणि टायर उतरतील तेव्हाच रिम घासून घ्या.