मदत हवी आहे: एक्सेलमध्ये फायलींची यादी आपोआप येते, पण शेरे भलत्याच ओळीत जातात

नमस्कार मंडळी. आजोबांच्या पेटीतून मोडी कागदांचे नऊ रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) निघाले. कर्जरोखे, सारा भरल्याच्या पावत्या, एक वाटणीपत्र, लग्नातल्या अहेराच्या याद्या, असं बरंच काही आहे. दोन फोनवरून सगळ्याचे फोटो काढले आणि 'रुमाल १' ते 'रुमाल ९' अशा फोल्डरांत टाकले. साधारण २३०० फोटो आहेत. नावं हाताने टाइप करणं शक्यच नव्हतं.

आधी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून यादी काढली, मग पॉवरशेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) केली. दोन्हीकडे फायलींच्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं! शेवटी एक्सेलमधल्या डेटा, न्यू क्वेरी, फ्रॉम फाइल, फ्रॉम फोल्डर या वाटेने गेलो. तिथे मराठी नावं नीट आली, फोल्डरचा पत्ताही आला. यादीशेजारी मी 'विषय', 'मोडी वाचून झालं का' आणि 'तारीख' असे तीन रकाने वाढवले आणि दोन रविवार बसून रुमाल ३ पर्यंत शेरे लिहिले.

मग चुलतभावाने रुमाल १ चे राहिलेले १४ फोटो टाकले. मी रिफ्रेश केलं. नवे फोटो यादीत मधे घुसले, शेरे मात्र जागच्या जागी राहिले. आता गहाणखताचा शेरा अहेराच्या यादीसमोर आहे. जुनी प्रत होती म्हणून वाचलो.

शेरे आपापल्या फायलीला चिकटून राहतील असं काही करता येईल का? आणि १८६२ सालची तारीख टाकली तर एक्सेल ती तारीख मानतच नाही, डावीकडे सरकवून ठेवतं. माझं एक्सेल २०१६ आहे, मॅक्रो येत नाहीत.

प्रतिसाद १
रिफ्रेश फक्त क्वेरीतून, म्हणजे फ्रॉम फोल्डरच्या जोडणीतून, आलेले रकाने नव्याने भरतं. शेजारी हाताने लिहिलेलं कुठल्या फायलीचं आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. शेरे वेगळ्या शीटवर न्या. तिथे पहिला रकाना ओळखक्रमांकाचा, पुढे तुमचे शेरे. यादीच्या शीटवर व्हीलुकअपने (क्रमांक शोधून त्यासमोरची नोंद आणणारं फंक्शन) ते ओढून आणा. त्याच्या कंसातला शेवटचा आर्ग्युमेंट फॉल्स ठेवायला विसरू नका, नाहीतर जवळपासचा शेरा उचलेल आणि तुम्ही पुन्हा इथेच याल.

पॉवरशेलच्या प्रश्नचिन्हांचं म्हणाल, तर विंडोजसोबत येणारी ५.१ आवृत्ती सीएसव्ही लिहिताना आपणहून आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांची जुनी लिपिसंकेत पद्धत) वापरते. एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगितलं की मराठी शाबूत राहतं. पण फ्रॉम फोल्डर जमलंय तर तिकडे परत जाऊ नका.

धागाकर्ता
ओळखक्रमांक म्हणून फाइलचं नावच धरलं तर? अडचण एवढीच की दोन फोनमुळे काही नावं सारखी आहेत.

प्रतिसाद २
मग नाव नको. पूर्ण पत्ताही नको, फोल्डर हलवला की तो बदलतो. नावाच्या सुरुवातीलाच कायमचा क्रमांक घाला. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं पॉवररीनेम फुकट आहे, त्यात क्रमाने आकडे घालता येतात. मूळ फोटोंची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

तारखेबद्दल: एक्सेलचं कॅलेंडर १ जानेवारी १९०० ला सुरू होतं. त्याआधीचं सगळं त्याच्या लेखी नुसता मजकूर. म्हणून रकाना टेक्स्ट करून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहा (१८६२-०३-१४), म्हणजे क्रमवारी बरोबर लागेल. कागदावर असलेला सन मात्र वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा ठेवा. शकात ७८ मिळवून इसवी सन येतो, फसलीत (महसुली साल) ५९०, अरबी सनात (यात सालाचे आकडे अरबी शब्दांत लिहितात) ५९९. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत आणखी एक मिळवावा लागतो, कारण शक चैत्रात बदलतो आणि फसली व अरबी मृगाला. फक्त साल वाचता आलं असेल तर इसवी सनाची दोन्ही वर्षं लिहा.

धागाकर्ता
अरबी सन! 'सलास' की काय ते आम्ही कुणाचं तरी नाव समजत होतो. धन्यवाद.
आणखी एक. बरेच कागद पाठपोट लिहिलेत, म्हणजे एका कागदाचे दोन फोटो. शेरा दोनदा लिहायचा का?

प्रतिसाद ३
क्रमांक कागदाला द्या, फोटोला नाही. रुमाल ३ मधला पंचेचाळिसावा कागद 'रु३-०४५', त्याचे फोटो 'रु३-०४५-१' आणि 'रु३-०४५-२'. शेऱ्यांच्या शीटवर फक्त 'रु३-०४५'. यादीत लेफ्ट फंक्शनने नावातली पहिली सात अक्षरं काढा आणि त्यावर व्हीलुकअप लावा. दिसायला सहाच आहेत, पण एक्सेल 'र' आणि त्याचा उकार वेगवेगळे मोजतं. मी यात एक संध्याकाळ घालवली आहे.

धागाकर्ता
रुमाल १ वर करून पाहिलं. मुद्दाम दोन फोटो टाकून रिफ्रेश केलं, शेरे हलले नाहीत. पण चुकून एका कागदाचे फोटो उडाले तर त्याचा शेरा यादीत दिसणारच नाही ना?

प्रतिसाद १
नाही दिसणार. शेऱ्यांच्या शीटवर एक काउंटइफ लावा आणि प्रत्येक क्रमांक यादीत किती वेळा येतो ते मोजा. शून्य आलं की तो कागद आधी रुमालात शोधा, मग कॉम्प्युटरवर.