मदत हवी आहे: स्वमग्नतेचे जनुकीय कारण शोधण्यासाठी पुढची तपासणी करावी का?

आमच्या ४ वर्षांच्या मुलाला स्वमग्नतेचे निदान झाले असून स्पीच थेरपी सुरू आहे. त्यामुळे उपचारांविषयी नव्हे, केवळ कारणांविषयी विचारत आहे. गोवर-गालगुंड-रुबेला (एमएमआर) लसीचा संशय आम्ही सोडला आहे, कारण तिचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, १२ मुलांवर आधारलेला १९९८चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. आईच्या थंड वागण्याला दोष देणारा सिद्धांतही कधीच मोडीत निघाला, तरी नातेवाइकांकडून तो ऐकताना मला फार यातना होतात. मुलाच्या क्रोमोसोमल मायक्रोॲरे (गुणसूत्रांचे लहान तुकडे कमी-जास्त आहेत का हे पाहणारी) आणि फ्रॅजाइल एक्स (एक्स गुणसूत्रावरील एका जनुकातील बदल शोधणारी) या दोन्ही तपासण्यांत दोष आढळला नाही. मात्र त्यामुळे जनुकीय कारण पूर्णपणे नाकारता येत नाही, हे आम्ही जाणतो. दुसऱ्या अपत्याचा विचार करण्यापूर्वी ज्यांनी मूल व आईवडील अशा तिघांची एक्झोम तपासणी (जनुकांच्या प्रथिने घडवणाऱ्या भागांची तपासणी) करून घेतली, त्यांना निश्चित कारण कळले का, आणि त्यामुळे जनुकीय समुपदेशकांचा सल्ला बदलला का?