'आवाज भारी झाला' म्हणजे नक्की काय झालं?

तारछेडू, इंदूर: मंडळाच्या अंकासाठी ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडवर लिहितोय, १९७१ चा 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी', त्यांचा तिसरा अल्बम. वाक्य होतं, "इथून बँडचा आवाज आणखी भारी झाला." पुण्याचा आतेभाऊ म्हणे, म्हणजे मस्त झाला का? अरे, वजनाने भारी! आमच्या घरी पिशवीपण भारी असते. चुकलं का माझं?

पेठेतला: चुकलंच. ते तुमचं हिंदी. मराठीत पिशवी जड असते.

राजवाड्याची ताई: आजी 'भारीतली साडी' म्हणायची ते काय हिंदी? जरीकाम जास्त म्हणून वजन जास्त म्हणून किंमत जास्त, असंच आलं असणार ते. भार वरून भारी. मस्तवाला अर्थ तुम्ही कॉलेजातल्या पोरांनी मागून चिकटवलात.

पेठेतला: बरं, मग 'जड आवाज' लिहा.

राजवाड्याची ताई: जड आवाज म्हणजे सर्दी झालीय. 😄

खर्जवाला: आधी त्यांनी केलं काय ते बघा. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या कारखान्यात मशीनमध्ये गेलेली, ताणलेल्या तारा दाबायला त्रास व्हायचा, म्हणून या अल्बमात बऱ्याच गाण्यांना तारा तीन अर्धस्वर उतरवल्या. पेटीवर सांगायचं तर पांढरी तीनची काळी एक. याला शब्द आहे की आपल्याकडे, ढाला!

तारछेडू: काका, ढाला म्हणजे नुसता खालचा हो. इथे स्पीकरशेजारचा पाण्याचा पेला थरथरतो.

खर्जवाला: गवई अमीर खाँसाहेब आपल्याच इंदूरचे ना? ते मंद्रात, खालच्या सप्तकात उतरले की पेला न हलताच वजन कळायचं. खर्ज म्हणा. षड्जचाच खर्ज झालाय, ष चा ख.

पेठेतला: खाँसाहेब आणि हा धिंगाणा एका दमात??

तारछेडू: 'घनगंभीर' चालेल?

राजवाड्याची ताई: ते रेडिओवरच्या निवेदकाला. हेवी लिही रे सरळ, कळतं सगळ्यांना.

पेठेतला: मग मराठी अंक काढता कशाला.

राजवाड्याची ताई: खर्जवाले काका, पेटीवरून आठवलं, आमच्या पेटीची नेमकी काळी एकच चिकटते, दाबली की वरच येत नाही, पावसाळ्यापासून तसंच चाललंय. इंदुरात कोणी नीट करून देतं का?

खर्जवाला: माझ्याकडेच घेऊन ये, बघतो. एकटी उचलू नकोस पण, भारी असते.