नाकापेक्षा मोती जड? हलक्या गाडीला डाना ६० घालावा का

उतारावरचा
गाडी एक्सजे पिढीची जीप चेरोकी. चार लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, ऑटो गिअरबॉक्स, खाली कंपनीचेच ॲक्सल: पुढे डाना ३०, मागे डाना ३५. इतके दिवस ३३ इंची टायरवर भागलं. आता गाडी उचलून ३५ इंची टायर घालतोय आणि दोन्ही ॲक्सलला लॉकर (डावं-उजवं चाक एकत्रच फिरवणारे). ट्रेलरवरून नेण्याचा प्रकार नाही. चालवत जायचं, दगडांत खेळायचं, चालवत परत यायचं.

ज्याला विचारावं तो म्हणतो, "जड ट्रकांचा डाना ६० ॲक्सल घाल आणि मोकळा हो." मला पटत नाही. माझा बेत असा: मागचा ३५ काढून त्या जागी फोर्ड एक्सप्लोररचा ८.८, १९९५ नंतरचा, डिस्क ब्रेकवाला. ३१ स्प्लाइनचे (टोकाला ३१ खाचा असलेले) शाफ्ट, आणि चाकाचे पाच बोल्ट माझ्या रिमला तसेच बसतात. पुढच्या ३० ला क्रोमोलीचे, म्हणजे जास्त कणखर पोलादाचे शाफ्ट. दोन्हीकडे ४.८८ रेशोचे क्राउन-पिनियन (ॲक्सलमधलं मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारं छोटं). एवढ्यात ३५ इंची टायर निभावले पाहिजेत. कुठे चुकतंय ते सांगा. फक्त "मोठं ते चांगलं" म्हणायचं असेल तर ते ऐकून झालंय.

ग्रीसहात
तुमचा बेत वाचून माझाच जुना अवतार आठवला. मीही पुढच्या ३० ला क्रोमोलीचे शाफ्ट घातले होते. एका चढावर स्टिअरिंग पूर्ण कापलेलं, चाक खाचेत, आणि मी ॲक्सिलरेटर दाबला. शाफ्ट तुटला नाही हो! शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसची टोपी निसटली, शाफ्टचा कान फाकला आणि फिरता फिरता त्याने वरचा बॉल जॉइंट स्टिअरिंग नकलमधून (चाक धरून वळवणाऱ्या भागातून) उपटून काढला. चाक बाहेरच्या बाजूला कलंडलं. टॉर्च दातांत धरून मी ते जॅकने सरळ करत बसलो होतो.

मग बॉल जॉइंट बदलले. पुढचा टायर आतून झिजायला लागला तेव्हा कळलं की ॲक्सलची नळीच वाकलीय. वर ट्रस (आधाराचा सांगाडा) वेल्ड केला. त्यानंतर पिनियनचे दात गेले. शेवटी डाना ६० घातलाच. म्हणजे एका ॲक्सलसाठी मी दोन ॲक्सलचे कष्ट केले, आणि त्यातला पहिला भंगारात.

शाफ्ट क्रोमोलीचा केला म्हणून क्राउन मोठा होत नाही. ३० चा क्राउन जेमतेम सव्वासात इंचांचा, ६० चा पावणेदहा. शिवाय ४.८८ म्हणजे ३९ दातांना ८ दात. तुमच्या गाडीत ३.५५ असेल तर आज पिनियनला ११ दात आहेत. आधीच लहान क्राउन, त्यात पिनियन आणखी लहान करताय.

त्रिज्या
भांडणाआधी आकडे मांडते. या इंजिनाचा टॉर्क ढोबळ ३०० न्यूटन-मीटर. पहिला गिअर २.८०, लो रेंज २.७२, ॲक्सल ४.८८. गुणाकार ११,००० च्या पुढे जातो. टॉर्क कन्व्हर्टर वाढवतो ते धरलेलं नाही.

आता खालून वर या. एका चाकावर ६०० किलो भार, कोरडा खडक, घर्षणांक १. ३५ इंची टायरची त्रिज्या ०.४४ मीटर. ६०० × ९.८१ × ०.४४ म्हणजे सुमारे २,६००. त्याच्या वर टायर घसरणार. इंजिन कितीही ओरडलं तरी त्या शाफ्टपर्यंत २,६०० च पोचतात. दुप्पट वजनाच्या ट्रकला हाच आकडा दुप्पट होतो, आणि डाना ६० मुळात तसल्या ट्रकांसाठीचा ॲक्सल. हलक्या गाडीत तिचं वजनच ॲक्सलला सांभाळतं. हे गणित न करता "६० च घाल" म्हणणं मला आळस वाटतो.

लोखंडी
गणित छान. खडकाला दाखवून या.

ग्रीसहात
लोखंडीभाऊ, टोमणा नको, मुद्दा सांगा. मीच सांगतो. त्रिज्याताई, तुमचा हिशेब टायर मोकळेपणी घसरतो तेव्हाचा. दोन दगडांच्या मध्ये टायर चिमटला की घर्षणांक कसला? टायरला जायला जागाच नाही, मग तुमचे ११,००० थेट शाफ्टवर. दुसरं, चाक हवेत गरगरत असताना गाडी खाली आदळली आणि टायरने एकदम पकड घेतली, तर इंजिनाचा टॉर्क राहू द्या बाजूला, त्या फिरणाऱ्या चाकाचा झटकाच शाफ्ट घेतो. माझ्या तुटलेल्या भागांपैकी सरळ चढावर तुटलेला एकही नाही.

त्रिज्या
मान्य. चिमटलेल्या चाकाला माझा हिशेब लागू नाही. पण मग तिथे ६० ही पुरत नाही. डाना ६० मध्येच ३० स्प्लाइनचा शाफ्ट १.३१ इंची, ३५ स्प्लाइनचा १.५. पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे व्यास १५ टक्के वाढला की ताकद ५० टक्के, धातू तोच असेल तर. ही वाढ मोठीच आहे. पण अडकलेल्या चाकावर पाय दाबून धरणाऱ्याला तीही किती दिवस पुरेल? डाना ६० घालून तुम्ही पाय आवरायचा थांबलात की नाही, खरं सांगा.

ग्रीसहात
थांबलो. 😀 तेवढ्याचसाठी घातला होता.

उतारावरचा
हेच तर माझं म्हणणं. काहीतरी तुटणार हे गृहीत धरू, मग काय तुटावं हे आपण ठरवू. मला पुढचा बाहेरचा शाफ्ट तुटलेला चालेल, कारण तो मी गाडीत जास्तीचा ठेवतो आणि वाटेत बदलू शकतो. सगळंच दणकट केलं की तुटणारी जागा ट्रान्सफर केसपर्यंत (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीपर्यंत) सरकते, आणि ती वाटेत उघडून बसायची माझी तयारी नाही.

दुसरं, जमिनीपासूनची उंची. ३३ वरून ३५ वर गेलो की टायर दोन इंचांनी वाढतो, पण ॲक्सलखाली मिळतो एकच इंच. क्राउन सव्वासातावरून पावणेदहावर नेला की ॲक्सलचा मधला गोळा, ज्यात क्राउन असतो, सव्वा इंच खाली लोंबतो. मिळवलेला इंच गेला, वर पाव इंच उधारी. मग म्हणणार ३७ घाल. ३७ घातले की बॉडी काप. आठ बोल्टच्या रिम वेगळ्या. माझ्या गाडीला चॅसी वेगळी नाही, बॉडीच चॅसी, तिला पट्ट्या मारून मजबूत करायचं ते वेगळंच.

लोखंडी
आता मुद्दा. मागच्या ८.८ बद्दल कोणीच बोलत नाही. तो सेमी-फ्लोटिंग आहे, म्हणजे गाडीचा भार शाफ्टच उचलतो. त्यात शाफ्ट आत धरून ठेवणारी फक्त एक सी-क्लिप. शाफ्ट तुटला की चाकासकट बाहेर यायला निघतो. डिस्कचा कॅलिपर थोडा वेळ अडवतो, त्याच्या भरवशावर कोण गाडी चालवतो? उलट मागे फुल-फ्लोटिंग ६० किंवा जीएमचा १४ बोल्ट असेल तर भार स्पिंडल आणि हबच्या बेअरिंगवर असतो. तुटलेला शाफ्ट उपसून काढा, हबचं तोंड झाका, पुढच्या ॲक्सलवर घरी या. तुम्हीच म्हणालात ना, चालवत परत यायचंय? मग फुल-फ्लोटिंग.

जुना_जॅक
दोन्ही बाजू ॲक्सल निवडतायत, बसवायचं काम कोणी बोलत नाही. घोडं तिथेच पेंड खातं.

पुढच्या ॲक्सलचा गोळा कुठल्या बाजूला हे आधी पाहा. तुमच्या ट्रान्सफर केसचा पुढचा आउटपुट डावीकडे आहे. १९७८-७९ च्या फोर्डचा हाय-पिनियन (प्रोपेलर शाफ्ट गोळ्याच्या वरच्या अंगाला शिरणारा) ६० डावीकडचा, म्हणून लोक त्याच्या मागे धावतात. शेव्हीचा उजवीकडचा, तो तुम्हाला नुसता पाहायला बरा. फोर्डचा ॲक्सल तुमच्या गाडीपेक्षा बराच रुंद, म्हणजे नळी कापा नाहीतर फेंडरबाहेर टायर घेऊन फिरा. ब्रेकचे मोठे कॅलिपर लावले की जुना मास्टर सिलिंडर तेवढं ऑइल ढकलत नाही, पेडल खोल जातं. हे मी पहिल्याच उतारावर शिकलो.

आणि ८.८ वाल्यांनी हुरळू नये. त्याच्या नळ्या मधल्या ओतीव गोळ्यात दाबून बसवलेल्या असतात, काही ठिपके वेल्डिंगचे. जोर आला की नळी गोळ्यात फिरते. म्हणून ती चहूबाजूंनी वेल्ड करतात. ओतीव लोखंड आधी तापवायचं, निकेलचा रॉड वापरायचा, थोडं थोडं करत समोरासमोर जायचं आणि सावकाश थंड होऊ द्यायचं. मी घाईत एका दमात वेल्डिंग मारलं आणि हाउसिंग केळ्यासारखं वाकलं. शाफ्ट आत जाईना.

एक प्रश्न: गाडी कोणत्या सालची? एक्सजेत १९९९ पर्यंत पुढे हाय-पिनियन डाना ३०, त्यानंतर लो-पिनियन. पुढच्या ॲक्सलमध्ये लो-पिनियन असलं की गाडी पुढे जाताना दातांच्या पाठीवर जोर येतो. पाठीला तेवढा दम नसतो.

चिखलफेक
पोर्टल ॲक्सल का नाही? उनिमॉगसारखे. गिअर रिडक्शन हबमध्येच, त्यामुळे शाफ्ट आणि क्राउनवर ताण कमी, आणि गोळा उंच. हमव्हीच्या हबमध्येही १.९२ चं रिडक्शन आहे.

जुना_जॅक
पोर्टलला माझं हो आहे, पण तो वेगळा धागा. हबच्या पेट्या जड, स्टिअरिंगचं सगळं नव्याने बांधायचं आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर. धागाकर्त्याला ३५ इंची टायर घालायचेत, नदी ओलांडायची नाहीये. मागे एकाने अडीच टनी लष्करी ट्रकचे रॉकवेल ॲक्सल सुचवले होते, ६.७२ चं डबल रिडक्शन. ते घातले की गाडी ॲक्सल चालवत नाही, ॲक्सल गाडी चालवतात.

त्रिज्या
लोखंडींचं मागच्या फुल-फ्लोटिंगचं म्हणणं मला पटलं. ते ताकदीचं गणित नाहीच, घरी पोचण्याचं आहे. पुढच्या ६० ला माझा विरोध कायम. स्प्रिंगखालचं, म्हणजे चाकं-ॲक्सलचं वजन वाढलं की खडबडीत रस्त्यावर स्प्रिंग आणि शॉकला ते आवरत नाही. रोज नाही तरी तुम्हाला डांबरी रस्त्याने जायचंय.

ग्रीसहात
जड ॲक्सल खाली असतो म्हणून उतारावर गाडी जमिनीला धरून बसते, हेही लिहा की. माझी आता आडव्या उतारावर पूर्वीसारखी पोटात गोळा आणत नाही.

त्रिज्या
लिहिलं. पण तोच ॲक्सल दगडावरून उडाला की परत येताना हातोडा असतो.

उतारावरचा
आत्ता गाडीखाली जाऊन आलो. पुस्तकावर साल २०००, आणि प्रोपेलर शाफ्ट गोळ्याच्या खालच्या अंगाला शिरतोय. लो-पिनियन. म्हणजे ४.८८ आणि लॉकर त्यात घालायचा बेत बारगळला. कोणाकडे जुन्या एक्सजेचा हाय-पिनियन ३० पडून असेल तर कळवा, शाफ्ट त्याच्यातच घालेन. मागच्याबद्दल लोखंडींशी अजून भांडायचंय, सी-क्लिप काढून टाकणारे किट मिळतात, त्यावर त्यांचं मत हवंय.

लोखंडी
किटने चाक बाहेर यायचं थांबतं. पण भार शाफ्टवरच राहतो.

ग्रीसहात
हाय-पिनियन ३० हवाय का? माझा पडलाय. नळी वाकलेली आहे, ट्रस फुकट.