मदत हवी आहे: घंटागाडीवाले लिंबाचा पाला नेत नाहीत, टाकायचा कुठं?

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. अंगणात दोन लिंब (कडूलिंब, लिंबू नव्हे) आणि गेटजवळ एक देशी बदाम. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं, त्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी भांड्यांचं पाणी घालून हे लिंब जगवले. तेव्हा झाडं तोडायचा सल्ला कुणी देऊ नका.

शिमगा आला की पानगळ सुरू. खराटा मारून चहाला आत जावं, बाहेर येईस्तोवर अंगण पुन्हा पिवळं. दिवसाआड खताची एक गोणी भरते. घंटागाडी रोज येते, गाणं वाजवत, पण गोणी दिसली की पोरगा हात हलवतो. "काकू, पाला नाही चालत. ओल्यात नाही, सुक्यात बी नाही." मग कशात? पालिकेत विचारलं तर एकजण म्हणाला ओल्यात, दुसरा म्हणाला गाडीवाल्यालाच विचारा.

शेजारी संध्याकाळी नालीच्या कडेला पाला पेटवतात. मुकादमांनी फोटो काढला तो नेमका आमच्या गेटासमोर, आणि दंडाची भाषा आम्हाला! घरात सासूबाईंना दमा आहे.

पाला नेणं पालिकेचं काम की माझं? आणि खड्डा केला तर कुजतो का? मागच्या वर्षीच्या खड्ड्यातली पानं जूनला काढली तर पापडासारखी कुरकुरीत.

काळीमाती: ताई, थोडं तुमचं, थोडं त्यांचं. घनकचरा नियम 2016 मध्ये बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी विल्हेवाट लावायची, असं होतं. म्हणजे "सांगणं" त्यांच्याकडं. तोंडी विचारू नका. पाल्यासाठी कोणता वार, कोणती गाडी, एवढंच अर्जात लिहा आणि पोच घ्या. जाळण्याचं म्हणाल तर हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्येच उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला 5000 रुपये. शेजाऱ्यांना आकडा तेवढा सांगून बघा.

पाचटवाला: नुसत्या पानांचा खड्डा आपल्याकडं कुजतच नाही, ओल टिकत नाही ना. वीतभर पाला, त्यावर शेणकाला, घरचा ओला कचरा, मूठभर जुनी माती, असे थर द्या. वरून ओलं गोणपाट. पाला मुठीत दाबला की हात ओला व्हावा, पाणी गळू नये. आणि सगळा खड्ड्यात कशाला? उसात आम्ही पाचट पसरतो तसा झाडाच्या आळ्यात पसरा, एक पाणी वाचतं. बुडाला मात्र चिकटवू नका, वाळवी लागते.

काळीमाती: फांद्या छाटायच्या झाल्या तर आधी परवानगीचं विचारा. शहरी झाडांना 1975 चा वृक्ष कायदा लागतो, अंगणातल्यालाही.

धागाकर्ती: दोघांचे आभार. दूधवाल्याकडून घमेलंभर शेण मिळालं, बदल्यात त्याला लिंबाचा पाला हवाय, गव्हाच्या कोठीत घालायला. दोन गोण्या तिथंच गेल्या. अर्जही दिला. पोचेवर शिक्का मारणारे साहेब जेवायला गेलेत, उद्या या म्हणाले.