प्रतिसाद: एसटीत साहेब जास्त की अधिकार कमी?

वर एकांनी म्हटलंय की विभागीय कार्यालयं बंद करून आगारं थेट मुंबईच्या मुख्यालयाला जोडली तर एसटी सुधारेल. मला हे पटत नाही.

राज्यात अडीचशेच्या आसपास आगारं आणि 31 विभाग आहेत. विभाग नियंत्रकाच्या हाताखाली वाहतूक, यांत्रिकी, लेखा अशा शाखा असतात. एखाद्या आगारात गाड्या कमी पडल्या, जत्रेला जादा गाड्या सोडायच्या असल्या, तर शेजारच्या आगारातून गाडी आणि चालक-वाहक मिळवायचे ते या पातळीवर. मुंबईत बसून अडीचशे ठिकाणची ही जुळवाजुळव कोण करणार?

खरी अडचण आगार व्यवस्थापकाची आहे. उत्पन्न किती, रद्द फेऱ्या किती, दहा लिटर डिझेलमागे गाडी किती धावली, याचा जाब त्याला विचारतात. पण नवीन गाड्या घेणं, भरती, तिकीटदर यांतलं काहीच त्याच्या हातात नाही. भाडेवाढीला तर राज्य परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यानं एसटी महामंडळाला निर्देश द्यायचा अधिकार राज्य सरकारकडे आहे. म्हणजे गाठ मुंबईच्याही वर आहे!

माझे काका वाहतूक नियंत्रक होते. कुठली मुक्कामी गाडी दहा मिनिटं उशिरा सोडली तर शाळेच्या मुलांना ती सापडेल, हे त्यांना तोंडपाठ होतं. वेळापत्रकातले असे छोटे बदल आगारातच ठरवू द्या. विभाग राहू दे.