गोव्यात बी.एड.ला प्रवेश घेण्यापूर्वी तयारी कशी करावी?

सत्तरीची लेक

नमस्कार. मराठी हा मुख्य विषय घेऊन मी तीन वर्षांची बी.ए. पदवी पूर्ण केली आहे आणि मला शिक्षिका व्हायचे आहे. आमच्या गावातील सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकले. तशाच शाळेत शिकवायला मिळावे, ही मनातली इच्छा. फोंड्याचे डॉ. दादा वैद्य शिक्षण महाविद्यालय आणि पणजीची निर्मला इन्स्टिट्यूट या दोन संस्थांचा विचार चालू आहे. घर वाळपईजवळ असल्यामुळे फोंडा सोयीचा पडेल, असे वडिलांचे म्हणणे आहे. माझे शिक्षण बहुतांशी मराठीतून झाले असल्याने इंग्रजीतून लिहिण्याची थोडी धास्ती वाटते. शिवाय बी.एड. आता एका वर्षाचे होणार असल्याचे कानावर आले आहे. तेव्हा थोडे थांबावे, की यंदाच अर्ज करावा? प्रवेश मिळेपर्यंतच्या काळात नेमकी कशाची तयारी करावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खडू-फळा

आपण महाविद्यालयापासून सुरुवात केली आहे. मी आपल्याला एक पाऊल मागे नेतो. कोणत्या इयत्तेला शिकवायचे आहे, हे आधी ठरवावे लागेल, कारण आपली इच्छा आणि आपण निवडलेला अभ्यासक्रम यांचा मेळ बसत नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 28 जून 2018 च्या अधिसूचनेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी पात्र ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी ती वाट बंद केली. त्याआधी नेमणूक झालेल्यांना पुढे संरक्षण मिळाले, पण आज नव्याने बी.एड. करणाऱ्याला प्राथमिक शाळेचा दरवाजा उघडा नाही. त्या वर्गांसाठी डी.एल.एड. ही पदविका लागते. ती दोन वर्षांची असते, बारावीनंतर करता येते, पदवीधरांनाही करता येते, आणि पर्वरीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत तिची सोय आहे.

आता गोव्याची गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडे प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते आणि पाचवीपासून मुले हायस्कुलात जातात. मराठी माध्यम टिकून आहे ते मुख्यतः प्राथमिक स्तरावर. हायस्कुले बहुतेक इंग्रजी माध्यमाची. म्हणजे बी.एड. करून आपण बहुधा इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात मराठी हा भाषाविषय शिकवाल. ज्या मुलांची घरची बोली कोकणी, शाळेची भाषा इंग्रजी आणि मराठी दिवसातून एक तास, अशा वर्गासमोर आपण उभ्या असाल. हे काम कमी मोलाचे मुळीच नाही, किंबहुना मला ते अधिक कसोटीचे वाटते. परंतु गावच्या शाळेतील पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला लावण्याचे काम ते नव्हे. सरकारी मराठी शाळांची पटसंख्या घटत चालली आहे, हेही हिशेबात धरावे लागेल. दोन्ही बाजू घरच्यांसमोर मांडा आणि मगच अर्ज भरा. पुष्कळ विद्यार्थी हा विचार बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, नोकरीची जाहिरात हाती आल्यावर करतात.

एका वर्षाच्या बी.एड.साठी आपण थांबू नये. परिषदेच्या 2025 च्या मसुद्यात तो प्रस्ताव आहे खरा, पण तो चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण असणाऱ्यांसाठी आहे. आपली पदवी तीन वर्षांची असल्याने त्याचा आपल्याला उपयोग नाही.

वाळवंटीकाठ

वरील उत्तराशी मी पूर्णतः सहमत आहे; मात्र बी.एड.च करण्याचे ठरले, तर पात्रता परीक्षेचा विचार आजपासूनच करावा, असे सुचवतो. शिक्षण हक्क कायद्याखाली पहिली ते आठवीच्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक आहे, आणि हायस्कुलातले निम्म्याहून अधिक वर्ग आठवीपर्यंतचेच असतात. केंद्रीय पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर 150 गुणांचा असून अडीच तासांत सोडवावा लागतो. खुल्या गटाला उत्तीर्ण होण्यासाठी 60 टक्के, म्हणजे 90 गुण हवेत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. प्रमाणपत्र आता आयुष्यभर ग्राह्य धरले जाते आणि बी.एड. चालू असतानाही परीक्षेला बसता येते.

त्या परीक्षेच्या वीस भाषांत मराठी आहे, कोकणी नाही. तेव्हा पहिली भाषा मराठी आणि दुसरी इंग्रजी घेतलीत, की साठ गुणांची बाजू सांभाळली जाईल. आपण कला शाखेच्या, म्हणून उरलेल्या विषयांत सामाजिक शास्त्राचे साठ गुण येतात. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्राची सहावी ते आठवीची पुस्तके मन लावून वाचली, तर त्यासाठी वेगळा क्लास लावण्याची गरज नाही. क्लासवाल्यांच्या जाहिराती पाहून घाबरून जाणाऱ्यांना हे मी मुद्दाम सांगतो. गोव्यातील सरकारी नोकरीला कोकणीचे ज्ञान आवश्यक असते, हे आपल्याला सांगायला नको. बोलता येतेच, तिचे देवनागरीतील लेखनही थोडे हाताखालून जाऊ द्यावे.

दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका

ताई, मी सध्या बी.एड. करत आहे, म्हणून रोजच्या कामाविषयी लिहिते.

फोंडा की पणजी, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. नियमानुसार तासिका आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के, तर शाळेतील आंतरवासितेला (इंटर्नशिपला) 90 टक्के उपस्थिती लागते. दोन वर्षांत मिळून किमान 20 आठवडे शाळांमध्ये काढायचे असतात. पदवीला असताना पावसात बस चुकली तर घरी राहण्याची मुभा आपण स्वतःला देत होतो, ती येथे विसरावी लागते. वाळपईहून उसगाव-तिस्क मार्गे फोंडा गाठणे पणजीपेक्षा निश्चितच सोपे आहे, तेव्हा आपल्या वडिलांचे बरोबर आहे. पण आंतरवासितेची शाळा महाविद्यालयाच्या शेजारीच मिळेल, असे गृहीत धरू नका. सराव पाठांसाठी कोणत्या शाळा दिल्या जातात, ते प्रवेशापूर्वीच तिथल्या विद्यार्थ्यांना विचारून घ्या.

सुरुवातीला सर्वांनाच जड जाते ते सूक्ष्म अध्यापन. वर्गमित्रांनाच विद्यार्थी मानून, एकच कौशल्य घेऊन सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे अभिप्राय ऐकायचा, बारा मिनिटांत पाठाची पुन्हा आखणी करायची, पुन्हा सहा मिनिटे शिकवायचे आणि पुन्हा सहा मिनिटे अभिप्राय घ्यायचा, असे हे छत्तीस मिनिटांचे चक्र आहे. सहा मिनिटे म्हणजे काय, हे फळ्यासमोर उभे राहिल्यावरच कळते. आमच्यातील एका मुलीने प्रश्न कौशल्यासाठी ‘विशेषण’ घेतले होते. पहिल्या खेपेस तिने ‘विशेषण म्हणजे काय?’ असे विचारले आणि समोरच्यांनी व्याख्या म्हणून दाखवली. तेथेच पाठ संपला. दुसऱ्या खेपेस तिने गणेशचवथीच्या माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवीत, काय काय बांधतात, ते विचारले. उत्तरे आली तशी तिने फळ्यावर एका बाजूला केळी, सुपारी, तोरिंगण असे लिहीत नेले आणि मग ‘कसली केळी? कसले तोरिंगण?’ असे विचारत दुसऱ्या बाजूला पिवळी, हिरवी, आंबट हे शब्द मांडले. व्याख्या शेवटी वर्गानेच सांगितली. आमच्या प्राध्यापिकांनी तेवढ्यातही एक उणीव दाखवलीच: लिहिताना तिची पाठ सतत वर्गाकडे होती.

म्हणून प्रवेशापूर्वी करता येण्यासारखी तयारी विचाराल, तर मानसशास्त्राच्या जाड मार्गदर्शिका विकत घेण्याऐवजी पाचवी ते दहावीची मराठीची पाठ्यपुस्तके मिळवा, एखादा पाठ निवडून त्यावर दहा प्रश्न काढा, आणि ते शेजारपाजारच्या मुलांना खरोखर विचारून पाहा. ज्या प्रश्नाला मुले केवळ ‘हो’ म्हणतात, तो खोडून टाका. फळ्यावर सरळ ओळीत लिहिण्याचा सराव मात्र आजच सुरू करा. वहीतले सुंदर अक्षर फळ्यावर उतरेलच, असे नाही.

इंग्रजीची धास्ती रास्त आहे, पण ती वाढवू नका. मराठी अध्यापन पद्धतीचे पाठटाचण (पाठाचा लेखी आराखडा) मराठीतच लिहितात. सैद्धांतिक विषयांचे वाचन आणि व्याख्याने मात्र मुख्यत्वे इंग्रजीत असतात. रोज वर्तमानपत्रातील शिक्षणविषयक एक लेख वाचून त्याचा सारांश पाच-सहा इंग्रजी वाक्यांत लिहिलात, तर पहिल्या सत्रापर्यंत हात बसेल.

सत्तरीची लेक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्राथमिक आणि माध्यमिक यांतील भेद मला इतका स्पष्ट ठाऊक नव्हता. घरी बोलून ठरवीन. बी.एड. घ्यायचे झाल्यास दुसरी अध्यापन पद्धती, म्हणजे शिकवायचा दुसरा विषय, कोणता निवडावा? पदवीला माझा दुय्यम विषय इतिहास होता आणि हिंदीही काही काळ शिकले आहे.

खडू-फळा

सामाजिक शास्त्र घ्या. एकट्या मराठीसाठी हायस्कुलात जागा क्वचित निघते, आणि निघाली तरी तासिका पुऱ्या पडाव्यात म्हणून मुख्याध्यापक दुसरा विषय हमखास सोपवतात. त्या वेळी इतिहास-भूगोल शिकवू शकणारी मराठीची शिक्षिका त्यांना सोयीची वाटते. पात्रता परीक्षेतील साठ गुणांशीही ही निवड जुळते. हिंदी आणि मराठी अशी जोडी घेतल्यास दोन्ही भाषाच होतात. मात्र पदवीला तो विषय किती अभ्यासलेला असावा, ही अट माहितीपत्रकात बारकाईने वाचा आणि पदवीला किमान 50 टक्के गुण असल्याची खात्री करून घ्या. राखीव गटांना नियमानुसार सवलत आहे. मामलेदार कचेरीतून रहिवासी दाखला काढायचा असेल, तर निकालाची वाट न पाहता अर्ज आताच द्या, कारण प्रवेशाच्या दिवसांत तिथे सगळेच एकदम येतात.